स्टिअरिंगवरचा आणि फुटपाथवरचा

दारू पिऊन गाडी चालवणाऱ्याला शिक्षा किती असावी, हा प्रश्न वकिलांचा आहे असं आपण धरून चाललोय. मोठी गाडी कुणाला तरी चिरडून जाते. पेपरात चार दिवस फोटो येतात. आपण वस्तीतून मोर्चा काढतो, 'फाशी द्या' म्हणून घसा फोडतो, तहसीलदाराला निवेदन देतो आणि घरी येतो. पाचव्या दिवशी सगळं गार. शिक्षा कशाची द्यायची आणि का द्यायची, हे आपण एकदाही बसून ठरवलेलं नाही. ज्या माणसांच्या वाट्याला हजारो वर्षं शिक्षा भोगणं आलं, ठरवणं कधीच आलं नाही, त्यांनी तरी हा प्रश्न दुसऱ्यावर सोडू नये.

आधी कायदा काय म्हणतो ते नीट बघू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५. शंभर मिलिलिटर रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर दारू सापडली की गुन्हा. पहिल्यांदा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दहा हजार दंड, किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा पंधरा हजार दंड, किंवा दोन्ही. १ सप्टेंबर २०१९ च्या आधी पहिल्या वेळचा दंड दोन हजार होता, तो एका झटक्यात पाचपट झाला.

माणूस मेला की दुसरं पुस्तक उघडतं. जुन्या दंडविधानात त्यासाठी दोन दारं होती. एक ३०४-अ, म्हणजे हयगयीने मृत्यू, दोन वर्षांपर्यंत कैद. दुसरं ३०४ भाग दोन, म्हणजे सदोष मनुष्यवध : आपल्या करणीने माणूस मरू शकतो हे ठाऊक असताना केलेलं कृत्य, दहा वर्षांपर्यंत कैद. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. हयगयीचं कलम आता १०६ आहे आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंत गेली आहे. सदोष मनुष्यवधाचं कलम १०५. नंबर बदलले, दारं तीच दोन. 'हयगय' आणि 'जाणीव'. सगळे मोठे खटले या दोन दारांच्या मधल्या उंबऱ्यावर लढले जातात. आरोपीचा वकील म्हणतो हयगय. मेलेल्याची बायको म्हणते, त्याला माहीत होतं.

आता एक साधा हिशोब मांडतो. दोन माणसं एकाच बारमधून उठली. तेवढेच पेग, तेवढीच मोठी गाडी, तेवढाच वेग. पहिला सुखरूप घरी पोचला, बूट न काढताच झोपला. दुसऱ्याच्या चाकाखाली माणूस गेला. पहिल्याला पोलिसांनी अडवलंच तर बहुतेक दंडावर सुटेल. दुसऱ्यावर दहा वर्षांचं कलम लागू शकतं. दोघांच्या डोक्यात मात्र काहीच फरक नव्हता. मग दुसरा पहिल्यापेक्षा जास्त वाईट कसा?

तत्त्वज्ञानवाल्यांनी या कोड्याला 'नैतिक नशीब' असं नाव दिलंय. १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या दोघांनी ही चर्चा मांडली. माणसाच्या हातात नसलेल्या गोष्टीवर त्याचा दोष कमीजास्त कसा होतो, असा त्यांचा सवाल. सवाल चांगला आहे. पण 'नशीब' हा शब्द ऐकला की आपले कान टवकारले पाहिजेत. आपल्या आज्याला गावकुसाबाहेर ठेवलं तेव्हाही हाच शब्द सांगितला होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात आपण तो टाकून दिला. मग रस्त्यावर मेलेल्या माणसाच्या बाबतीत तो परत कशाला उचलायचा?

*

मुंबईत वांद्र्याला कार्टर रोड आहे. १२ नोव्हेंबर २००६ च्या पहाटे तिथं फुटपाथवर मजूर झोपले होते. रस्त्याच्या कामावरचे मजूर. दिवसा रस्ता करायचा आणि रात्री त्याच्याच कडेला पडायचं. एक गाडी त्यांच्यावर चढली. सात जण मेले, आठ जखमी झाले. चालवणाऱ्याच्या रक्तात शंभर मिलिलिटरमागे ११२ मिलिग्रॅम दारू निघाली, म्हणजे मर्यादेच्या जवळजवळ चौपट. हाच तो परेरा खटला. एप्रिल २००७ मध्ये सेशन कोर्टाने हयगय धरली. सहा महिने साधी कैद, पाच लाख दंड. सात माणसं, सहा महिने. एका माणसामागे महिनाही भरत नाही. सप्टेंबर २००७ मध्ये हायकोर्टाने ते फिरवलं, जाणीव धरली आणि तीन वर्षं सक्तमजुरी दिली. १२ जानेवारी २०१२ ला सुप्रीम कोर्टाने तीच कायम केली. कोर्टाने असंही म्हटलं की तीन वर्षं ही शिक्षा फारच थोडी आहे, पण ती वाढवून मागायला सरकारने अपील केलेलं नाही, म्हणून आम्ही त्यात शिरत नाही.

हे वाक्य कार्यकर्त्यांनी पाठ करावं असं आहे. शिक्षा थोडी आहे हे कोर्टाला दिसलं. वाढवायची ताकदही कोर्टाजवळ होती. मागणाराच आला नाही. सात मजुरांच्या वतीने मागायचं काम सरकारचं होतं.

आता बघा, पहाटे चार वाजता शहरात रस्त्यावर कोण असतं? झाडू घेतलेला सफाई कामगार असतो. त्याची जात सांगायला नको. दूधवाला, पेपरवाला असतो. सोसायटीचा वॉचमन चहा शोधत असतो. तिसऱ्या पाळीवरून सुटलेला किंवा पहिल्या पाळीला निघालेला कामगार सायकलवर असतो. मासळी घेऊन निघालेली कोळीण असते. ७ जुलै २०२४ ला वरळीत अशीच एक बाई गेली. नवऱ्याबरोबर ससून डॉकवरून मासळी घेऊन स्कूटरवर येत होती, एका बीएमडब्ल्यूने उडवली आणि फरफटत नेली. त्या वेळी गाडी चालवत असल्याचा आरोप असलेला तरुण दोन दिवसांनी पोलिसांच्या हाती लागला. दोन दिवसांत रक्तातली दारू कुठे राहते? शरीर ती जाळून टाकतं. ज्याच्याजवळ दोन दिवस लपायला जागा आणि पैसा आहे त्याचं रक्त आपोआप स्वच्छ होतं. तो प्यायला होता की नव्हता, हे मग शेवटपर्यंत वादाचंच राहतं.

म्हणजे चाकाखाली कोण येणार हे नशिबाने ठरत नाही. ते कुणाला घर आहे आणि कुणाला नाही, कुणाचं काम दिवसा आणि कुणाचं काळोखात, यावरून आधीच ठरलेलं असतं. मलबार हिलचा माणूस फुटपाथवर झोपत नाही. नैतिक नशिबाचं कोडं घालणाऱ्यांनी रस्ता मोकळा धरला आणि कुणीतरी अचानक आडवं आलं असं समजलं. आपला रस्ता मोकळा कधीच नव्हता. तिथं आपली माणसं आधीपासून होती, आणि स्टिअरिंगवरच्याला हे ठाऊक होतं. या शहरात वाढलेल्या कुणाला ठाऊक नाही की फुटपाथवर माणसं झोपतात? 'जाणीव' म्हणजे आणखी काय असतं?

*

दारुड्याचा एक जुना बचाव आहे. 'साहेब, मला शुद्धच नव्हती.' हा बचाव वरवर खोटा नाही. खरंच शुद्ध नसते. मग शुद्ध नसलेल्याला शिक्षा कशी?

दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी ग्रीसमध्ये मायटिलीनी नावाच्या नगरात पिटॅकस हा राज्यकर्ता होऊन गेला. त्याने नियम केला की प्यालेल्याने गुन्हा केला तर शुद्धीतल्यापेक्षा जास्त शिक्षा. अॅरिस्टॉटलने याची नोंद केलीय. त्याचं म्हणणं असं की न पिणं त्या माणसाच्या हातात होतं. आपला दंडविधान एवढा पुढे जात नाही, पण स्वतःहून प्यालेल्याला सूट देत नाही. जुनी कलमं ८५ आणि ८६, आता २३ आणि २४. दुसऱ्याने फसवून किंवा बळजबरीने पाजली असेल तर गोष्ट वेगळी. स्वतःच्या हाताने ग्लास उचलला असेल, तर शुद्धीवरच्या माणसाला जेवढी जाणीव असते तेवढी तुला होती असं कायदा धरून चालतो.

आपल्या घरातही याचं उत्तर आहे, आणि ते ग्रीसपेक्षा खोल आहे. मिलिंद राजा भदंत नागसेनांना विचारतो, जाणून पाप करणारा मोठा दोषी की न जाणता करणारा? नागसेन म्हणतात, न जाणता करणारा. आणि तापलेल्या लोखंडाच्या गोळ्याचं उदाहरण देतात. जाणून धरणारा जपून धरतो, न जाणता धरणारा जास्त भाजतो. हे उत्तर पहिल्यांदा वाचलं तर उलटं वाटतं. अज्ञानी माणसावर अन्याय वाटतो. पण गिरणीत तापलेल्या यंत्राजवळ उभं राहिलेल्याला ते लगेच कळतं. लोखंड विचारत नाही की तुला माहीत होतं का. फक्त एक फरक आहे. नागसेनांच्या दृष्टांतात जो गोळा धरतो तोच भाजतो. दारुड्याच्या गाडीत गोळा धरणारा एअरबॅगच्या मागे सुरक्षित असतो आणि भाजतो तो फुटपाथवरचा. म्हणून इथे कायदा मध्ये यावा लागतो. जे भाजणं निसर्ग त्याच्यावर टाकत नाही, ते समाजाने त्याच्यावर टाकायचं. शिक्षेचा अर्थ मला तरी एवढाच लागतो.

पंचशीलातलं पाचवं शील आपण रोज म्हणतो आणि त्यातल्या एका शब्दावरून घसरत पुढे जातो. तो शब्द म्हणजे प्रमाद. मद्य सोडायचं ते प्रमादाचं स्थान आहे म्हणून. पहिल्या चार शिलांत प्रत्यक्ष करणी आहे : हत्या, चोरी, व्यभिचार, खोटं. पाचव्यात अजून काहीच घडलेलं नाही. पण ज्या जागेवरून बाकीची चारही घडू शकतात, ती ही जागा. गुन्हा कुठे सुरू होतो, याचं उत्तर मला यात दिसतं. तो धडकेच्या क्षणी सुरू होत नाही. बाहेर गाडी उभी आहे, घरी तीच चालवत जायचं आहे, हे ठाऊक असताना पहिला ग्लास उचलला तिथं तो सुरू होतो. त्या वेळी तो पूर्ण शुद्धीत होता. 'शुद्ध नव्हती' हा बचाव तिथं चालत नाही.

आमच्या सूतगिरणीत कुणी पिऊन आला तर त्याला गेटवरूनच परत पाठवतात. खाडा लागतो, रोज बुडतो. त्याने अजून काही मोडलेलं नसतं, कुणाचा हात गेलेला नसतो. तरी एकही कामगार म्हणत नाही की हा अन्याय झाला. कारण साच्याजवळ तो एकटा उभा राहणार नसतो. त्याच्या शेजारी आपण असतो. रस्ता हा असाच चालू साचा आहे.

तेव्हा त्या दोन माणसांच्या कोड्याचं माझं उत्तर असं. सुखरूप घरी पोचलेला पहिला माणूस निर्दोष नाही. त्याची आजची शिक्षा फार हलकी आहे. आणि दुसऱ्याचा गुन्हा 'हयगय' या शब्दात मावत नाही. दोघांचा प्रमाद एकच, त्याची शिक्षा दोघांनाही भक्कम हवी. दुसऱ्यावर त्याशिवाय मेलेल्याच्या घराचं देणं आहे, ते वेगळ्या खात्यावर मांडायचं. आणि धडकेनंतर तो थांबला की पळाला, हे तिसरं खातं. पळणं हा नवा निर्णय असतो. तो दारूच्या नावावर खपवता येत नाही.

तिसऱ्या खात्याबाबत एक गोष्ट आपल्याच लोकांच्या बाजूने सांगितली पाहिजे. न्याय संहितेत अपघात करून न कळवता पळणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैदेचं पोटकलम घातलं, तेव्हा जानेवारी २०२४ मध्ये देशभरचे ट्रक ड्रायव्हर रस्त्यावर उतरले आणि सरकारने ते पोटकलम लागू करायचं थांबवलं. ते ड्रायव्हर म्हणत होते, थांबलो तर जमाव जिवंत सोडत नाही. हे खरं आहे. पण जमावाच्या भीतीने पुढच्या चौकीवर जाऊन हजर होणारा ड्रायव्हर वेगळा आणि रक्त साफ होईपर्यंत फार्महाऊसवर बसणारा वेगळा. कायद्याला हा फरक करता आला पाहिजे.

*

आता पैशाचं बघू. दहा हजार रुपये. माझ्यासारख्या गिरणीकामगाराचा जवळजवळ महिन्याचा पगार. वस्तीतल्या पोराची जुनी मोटारसायकल अडवली, फुंकायला लावलं, दहा हजार झाले, की त्या घरात रेशनच्या वरचं काही येत नाही. बाई दागिना मोडते. तेच दहा हजार पन्नास लाखांच्या गाडीवाल्याला त्या रात्रीच्या बिलाइतके. कायदा म्हणतो, दोघांना समान दंड. कागदावर समान आहे, मान्य. पण एकाला ती शिक्षा आहे आणि दुसऱ्याला ते पिऊन चालवण्याचं भाडं आहे.

फिनलंडमध्ये १९२१ पासून दंड दिवसांत मोजतात. गुन्हा किती मोठा त्यावर दिवस ठरतात आणि माणसाच्या उत्पन्नावरून एका दिवसाची रक्कम ठरते. मजुराला त्याच्या मिळकतीप्रमाणे, कंपनीच्या साहेबाला त्याच्या. २००२ साली तिथं नोकियाच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याला मोटारसायकल वेगात चालवल्याबद्दल एक लाख सोळा हजार युरो दंड लागला होता. आपल्याकडे हे सुचवलं की लोक हसतात. म्हणतात, उत्पन्न कसं मोजणार?

कसं मोजणार? मोजतात की! मेलेल्याचं मोजतात. अपघातात माणूस मेला की त्याच्या घरचे मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जातात. तिथं भरपाईचा हिशोब ठरलेला आहे. सुप्रीम कोर्टाच्या २००९ च्या सरला वर्मा निकालात तो बांधून दिला आहे. मेलेल्याचं वार्षिक उत्पन्न घ्या, त्याचा स्वतःचा खर्च वजा करा, वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणा. म्हणजे इंजिनिअर मेला तर त्याची भरपाई मोठी, बिगारी मेला तर लहान, आणि बिगाऱ्याच्या मजुरीची पावती नसते म्हणून आणखी लहान. गाडी सापडलीच नाही तर सरकारी योजनेतून १ एप्रिल २०२२ पासून दोन लाख मिळतात. त्याआधी पंचवीस हजार मिळत होते. यामागे एक कारण देतात, की घरच्यांचं जेवढं उत्पन्न बुडालं तेवढं भरून द्यायचं. कारण अगदीच खोटं नाही. पण दोन्ही हिशोब शेजारी ठेवून बघा. मारणाऱ्याचा दंड ठरवताना उत्पन्न बघत नाहीत, तिथं सगळे समान. मेलेल्याची रक्कम ठरवताना मात्र उत्पन्न बघतात. समता कुठे वापरायची आणि कुठे नाही, हे बरोबर कळतं या व्यवस्थेला.

मनुस्मृतीत ब्राह्मणाने क्षत्रियाला शिवी दिली तर पन्नास पण दंड सांगितलाय, वैश्याला दिली तर पंचवीस, शूद्राला दिली तर बारा. शूद्राने ब्राह्मणाला दिली तर पैशाचं नावच नाही, तिथं शरीरदंड. २५ डिसेंबर १९२७ ला महाडला ते पुस्तक जाळलं. आजचा कायदा मनूचा नाही. तो घटनेखालचा आहे आणि आपल्याला त्याच घटनेवर उभं राहून भांडायचं आहे. पण दुखापतीची किंमत दुखावलेल्याच्या पायरीवरून ठरवण्याची सवय त्या जाळात जळाली नाही. ती हिशोबाच्या वहीत जाऊन बसली.

पैशाबद्दल आणखी एक. दिल्लीत १० जानेवारी १९९९ ला लोधी रोडवर बीएमडब्ल्यूखाली सहा माणसं गेली, त्यात तीन पोलिस. नंदा खटला. तेरा वर्षांनी, ३ ऑगस्ट २०१२ ला, सुप्रीम कोर्टाने सदोष मनुष्यवध मान्य केला, पण भोगलेली दोन वर्षं कैद पुरे म्हटलं आणि वर पन्नास लाख रुपये व दोन वर्षं समाजसेवा लावली. ते पन्नास लाख अशाच अपघातांतल्या लोकांना भरपाई द्यायला होते. पैसे वाईट कामाला गेले नाहीत. तरी मला विचारायचंय : पन्नास लाख नसलेल्या ट्रक ड्रायव्हरला हा सौदा मिळाला असता का? भरपाई द्यायलाच हवी. पण भरपाईच्या बदल्यात कैद कमी होऊ लागली, की तुरुंगात फक्त गरीब राहतात.

*

१९ मे २०२४ च्या मध्यरात्रीनंतर पुण्यात कल्याणीनगरला पोर्शेखाली दोन तरुण इंजिनिअर मेले. चालवणारा सतरा वर्षांचा. बाल न्याय मंडळाने काही तासांत जामीन दिला आणि अटी घातल्या : तीनशे शब्दांचा निबंध लिहायचा, पंधरा दिवस वाहतूक पोलिसांबरोबर काम करायचं, दारू सोडण्यासाठी समुपदेशन घ्यायचं. देश भडकला. तो निबंध सगळ्यांच्या तोंडी झाला.

मीही भडकलो. पण राग गिळून एक गोष्ट बोलतो. पोराला सुधारता येतं, त्याला मोठ्यांच्या तुरुंगात टाकू नये, हा विचार वाईट नाही. अंगुलिमालाला संघात जागा देणाऱ्या बुद्धाची आपण लेकरं आहोत. आपला राग वेगळा आहे. वस्तीतलं सतरा वर्षांचं पोर मोबाईल चोरताना सापडलं, तर त्याला कोण निबंध लिहायला सांगतं? त्याच्या वाट्याला आधी पट्टा येतो. तेव्हा आपली मागणी 'त्यालाही पट्टा द्या' ही नको. ती मागणी मान्य झाली तर पट्टा परत आपल्याच पोरांवर चालणार आहे. 'आमच्या पोरालाही माणूस समजा' ही मागणी हवी.

त्या प्रकरणातल्या दुसऱ्या दोन गोष्टी मात्र मला निबंधापेक्षा भयंकर वाटतात. पोलिसांचा आरोप असा की सरकारी रुग्णालयात मुलाचं रक्त बदलून दुसऱ्याचं ठेवलं, त्यासाठी पैसे दिले. दोन डॉक्टरांना अटक झाली. आणि दुसरा आरोप असा की घरच्या पगारी ड्रायव्हरला डांबून, 'गाडी मीच चालवत होतो' असं म्हणायला दबाव टाकला. हे आरोप आहेत, खरं-खोटं कोर्ट ठरवील. पण 'ड्रायव्हरला पुढे कर' ही युक्ती आपल्याला नवी आहे का? मालकाने करायचं आणि नोकराने आत जायचं. हिला आपल्या भाषेत नाव आहे. वेठ. गावाचं मेलेलं ढोर ओढायचं, गावाचा सांगावा न्यायचा, ही आपल्या बापजाद्यांची वेठ. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात वतनाच्या कायद्याच्या दुरुस्तीचं बिल आणलं ते त्या जोखडातून सोडवायला. आता मालकाचा गुन्हाही नोकराने वाहायचा, ही त्याच वेठीची शहरातली आवृत्ती. प्यालेला माणूस निदान शुद्ध नव्हती म्हणू शकतो. रक्त बदलणारा आणि ड्रायव्हर पुढे करणारा तर पूर्ण शुद्धीत असतो. माझ्या मते या माणसाला पिऊन चालवणाऱ्याइतकीच शिक्षा हवी, कमी नको.

*

मित्रांनो, आता आपलं घर.

१४ एप्रिलच्या रात्री मोटारसायकलला निळा झेंडा बांधून, एकावर तिघं बसून, पोटात बाटली रिचवून जी पोरं 'जयभीम' ओरडत सुसाट जातात, ती कुणाची आहेत? त्यांना कुणी बोललं की आपल्यातलेच काही म्हणतात, वर्षातून एक दिवस तर असतो. ज्या माणसाने बावीस प्रतिज्ञांत दारू न पिण्याची प्रतिज्ञा दिली, त्याच्या जयंतीला? श्रीमंताच्या पोर्शेला एक न्याय आणि आपल्या स्प्लेंडरला दुसरा असं म्हणता येणार नाही. मोटारसायकलखालीही माणूस मरतो, आणि आपल्या वस्तीच्या रस्त्यावर तो आपलाच असतो. दंड वाचवायला नगरसेवकाला फोन लावणारा कार्यकर्ता आणि मुलासाठी आमदाराला फोन लावणारा बिल्डर यांच्यात फक्त नंबराचा फरक.

'अॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये, १९३६ साली, बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांतला फरक सांगितलाय. नियम सवयीने पाळला जातो. तत्त्वाने वागणारा माणूस विचार करून वागतो, म्हणून तो जबाबदार असतो. कलम १८५ हा नियम आहे. नाकाबंदी दिसली की पाळायचा, नाही दिसली की मोडायचा. पाचवं शील हे तत्त्व आहे. पोलिस नसतानाही ते तुमच्या किल्लीच्या आड येतं. दंड पाचपट करून नियम कडक होईल, तत्त्व उगवणार नाही. ते वस्तीतच, आपल्या विहारात आणि मंडळातच उगवावं लागेल.

सरकारवर तर ते सोडताच येत नाही. घटनेच्या ४७ व्या कलमात मद्यबंदीचं मार्गदर्शक तत्त्व आहे आणि तिजोरी दारूच्या महसुलावर चालते. १५ डिसेंबर २०१६ ला सुप्रीम कोर्टाने महामार्गापासून पाचशे मीटरच्या आतली दारूची दुकानं बंद करायला सांगितली, तर काही ठिकाणी सरकारांनी महामार्गाचं नाव काढून त्याला शहरातला रस्ता करून टाकलं. दुकान जागेवर राहिलं, रस्त्याचं बारसं झालं. पुढे जुलै २०१७ मध्ये कोर्टानेच शहर हद्दीतल्या दुकानांना मोकळीक दिली. पाजणारा हात आणि पावती फाडणारा हात एकाच अंगाचे आहेत.

मग आपण काय मागायचं? दंड उत्पन्नाच्या प्रमाणात मागायचा. पैशापेक्षा परवाना रद्द करण्यावर जोर द्यायचा, कारण गाडीपासून दूर ठेवलं तर रस्त्यावरचा वाचतो. पोटासाठी गाडी चालवणाऱ्याला हे जास्त लागेल, हे मला कळतं. पण बसमध्ये चाळीस माणसं असतात, ती आपलीच असतात. रक्ताचा नमुना पहिल्या तासात आणि दोन ठिकाणी ठेवला जावा, हे मागायचं. दुसऱ्याच्या डोक्यावर गुन्हा लादणाऱ्याला तेवढीच शिक्षा मागायची.

आणि मोर्चानंतर घरी न जाता कोर्टात जायचं. एवढं लक्षात ठेवा : आरोपी सुटला, किंवा हलक्या कलमाखाली शिक्षा झाली, किंवा भरपाई अपुरी मिळाली, तर मेलेल्याच्या घरच्यांना स्वतः अपील करता येतं. हा हक्क २००९ अखेर कायद्यात आला आणि नव्या संहितेतही आहे. पण 'कलम बरोबर, शिक्षा मात्र थोडी' अशा वेळी अपील करायचं ते सरकारनेच. परेरा खटल्यात सुप्रीम कोर्टापुढे हेच झालं नाही. म्हणून निकालाच्या दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलाच्या दारात जाऊन उभं राहायचं, अपील करता की नाही विचारायचं, मुदत संपेपर्यंत रोज विचारायचं. फुटपाथवर मेलेल्या मजुराची बायको महिन्याभरात गावी परत जाते, तारखांना कोणी राहत नाही. प्रत्येक तालुक्यात आपली दोन पोरं तारखांची वही घेऊन त्या बाकावर बसली, तरी पुष्कळ होईल.

या अंकाच्या शाखाबैठकीत हा विषय घ्या. माझं म्हणणं चुकत असेल तर लिहून पाठवा, भांडा. पण बैठकीला येताना पिऊन गाडीवर येऊ नका.

जयभीम.